लॅटिनो स्थलांतरितांचे फोटो काढताना: ओळखीपासून प्रसिद्धीपर्यंतचा क्रम

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेले बरेच मराठी तरुण डॉक्युमेंटरी फोटोग्राफीकडे वळतात. विषय शोधताना सगळ्यात आधी त्यांच्या नजरेत भरतात ते आपल्याच शहरातले लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे, कामगार: लोकांच्या अंगणातलं गवत कापणारे, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी घासणारे, होम डेपो या बांधकामाच्या सामानाच्या दुकानाबाहेर रोजंदारीची वाट बघत उभे असणारे. असे फोटो माझ्याकडे बघायला येतात तेव्हा प्रकाश आणि चौकट बहुधा छानच असते. गडबड क्रमात असते. आधी फोटो, मग ओळख, मग जमलं तर परवानगी, आणि धोक्याचा विचार फोटो इन्स्टाग्रामवर गेल्यानंतर. चूक आपली असते आणि ती निस्तरावी लागते फोटोतल्या माणसाला, कधी कधी घरदार सोडून. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

टप्पा १: विषय एका गल्लीएवढा करा

'लॅटिनो स्थलांतरितांचं जीवन' हा विषय कॅमेऱ्यात मावत नाही. २०२०च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लॅटिनो आहेत आणि त्यांतले पाचापैकी चार अमेरिकन नागरिक आहेत. प्वेर्तो रिकोचे लोक तर १९१७पासून नागरिकच आहेत, त्यांना स्थलांतरित म्हणणंच चूक. एल साल्वादोरमधल्या २००१च्या भूकंपांनंतर टीपीएस, म्हणजे देशात राहायला तात्पुरतं संरक्षण, मिळालेला माणूस, लहानपणी आईवडिलांबरोबर आलेली आणि २०१२च्या डाका या हद्दपारी टाळणाऱ्या योजनेत दर दोन वर्षांनी परवाना वाढवून घेणारी मुलगी, एका हंगामापुरता एच-टू-ए व्हिसावर आलेला शेतमजूर आणि काहीच कागद नसलेला प्लंबर, या चौघांची भीती वेगवेगळी आणि तुमच्या फोटोने होऊ शकणारं नुकसानही वेगवेगळं. शिवाय हे चौघं एकाच घरात राहत असू शकतात.

तेव्हा एक जागा, एक काम किंवा एक कायदेशीर अवस्था निवडा. शिकागोच्या लिटल व्हिलेजमधल्या २६व्या रस्त्यावरचे फेरीवाले. फ्लोरिडातल्या इमोकालीत उजाडायच्या आत मजुरांना घेऊन निघणाऱ्या बसगाड्या. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात आणि हिवाळ्यात ॲरिझोनातल्या यूमाला लेट्यूस तोडणारी एखादी टोळी. शक्यतो घरापासून तासाभराच्या आतलं निवडा, कारण इथे पुन्हा पुन्हा जावं लागतं. सीमेवरची भिंत हा नवशिक्यांचा लाडका विषय असतो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी घ्यावा. भिंतीचे फोटो सहज मिळतात, आणि त्यांत माणूस क्वचितच असतो.

तपासा: तुमचा विषय 'कोण, कुठे, काय करतं' अशा एका वाक्यात मावतो का? मावत नसेल तर अजून छाटा.

टप्पा २: आधी स्वतःचे कागद आणि कायदा बघा

हा टप्पा आपले लोक हमखास गाळतात. तुम्ही एफ-वन किंवा एच-वन-बी व्हिसावर असाल तर फोटोंचे पैसे घेणं म्हणजे परवानगीशिवाय काम ठरू शकतं. फोटो विकण्याआधी, मानधन किंवा अनुदान घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. कॉलेजातल्या सीनियरचं मत इथे पुरत नाही. २०२५च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली सोशल मीडिया खाती खुली ठेवायला सांगितलं जातं, हेही प्रकल्प कुठे आणि कोणाच्या नावाने दाखवायचा ते ठरवताना लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट विमानतळाची. देशात शिरताना सीमाधिकारी वॉरंटशिवाय फोन आणि लॅपटॉप तपासू शकतात. आपण नागरिक नसलो तर नकार देणं अवघड, कारण प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. म्हणून दिवाळीला पुण्याला जाताना या प्रकल्पातला एकही फोटो, एकही फोन नंबर सोबत नेऊ नका.

बाकी कायदा थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर जे उघड दिसतं त्याचा फोटो काढण्याचा हक्क अमेरिकी संविधानाची पहिली दुरुस्ती देते. दुकान, शेत, कारखाना, पार्किंगची जागा ही खासगी मालमत्ता. मालकाने निघायला सांगितलं तर निघायचं. इमिग्रेशन न्यायालयात परवानगीशिवाय कॅमेरा चालत नाही, आणि आश्रयाच्या अर्जाची सुनावणी अर्जदाराने मागितलं तर बंद दाराआड होते. पत्रकाराला आपला स्रोत लपवू देणारा देशव्यापी कायदा नाही. बऱ्याच राज्यांत आहे, तोही हौशी छायाचित्रकाराला लागू होईलच असं नाही. म्हणजे 'तुमचं नाव मी कुणालाच सांगणार नाही' हे वचन देण्याआधी ते पाळता येईल का, याचा विचार करा. खात्रीचा उपाय एकच, ते नाव आपल्याकडे नसणं.

सावधान: ओळख वाढली की 'मला अमुक ठिकाणी सोडता का' असं कुणी सहज विचारेल. टेक्सासच्या दक्षिण भागात फालफुरियाससारखी तपासणी नाकी सीमेपासून बरीच आत आहेत. कागद नसलेल्या माणसाला गाडीत घेऊन तिथून जाणं तुम्हा दोघांनाही महागात पडू शकतं, तुमच्यावर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

टप्पा ३: कॅमेरा पिशवीत ठेवून जा

पहिल्या भेटी कॅमेऱ्याशिवाय. थेट घरात शिरायचा प्रयत्न करू नका. चर्चची पंगत, कामगार केंद्र, प्रौढांचे इंग्रजीचे वर्ग, मुलांचा फुटबॉल, या दारांनी आत जा आणि तिथे काहीतरी उपयोगी काम अंगावर घ्या. खुर्च्या मांडा, इंग्रजी पत्रं वाचून दाखवा. पण कायदेशीर फॉर्म भरून देऊ नका. ते वकिलाचं काम आहे, आणि तिथली चूक त्या माणसाची सगळी केस बिघडवते.

थोडं स्पॅनिश आलंच पाहिजे. मोठ्यांशी 'उस्तेद' म्हणजे आपलं 'अहो-जाहो'. ओळखीचा माणूस स्वतःहून 'तू'वर येईपर्यंत तेच ठेवा. वयाने मोठ्या बाईंना आदराने 'दोन्या', पुरुषांना 'दोन' म्हणायचं, पुढे पहिलं नाव. मात्र सगळ्यांची मातृभाषा स्पॅनिश असेल असं धरू नका. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेले अनेक जण घरी मिश्तेक किंवा सापोतेक बोलतात, ग्वातेमालातून आलेले माम किंवा किचे. त्यांच्याशी स्पॅनिशमधून घेतलेली परवानगी अर्धवट समजलेली असू शकते. दुभाष्या त्या गल्लीबाहेरचा आणि मोठ्या वयाचा बघा. घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला मध्ये घालून आईला हद्दपारीबद्दल विचारणं मला अजिबात मान्य नाही, मूल कितीही चुणचुणीत असलं तरी.

कसे आलात, कागद आहेत का, हे प्रश्न आपण विचारायचे नाहीत. सांगायचं असेल तेव्हा माणूस आपणहून सांगतो. आणि 'आम्हीपण इमिग्रंटच' हे वाक्य जपून वापरा. ग्रीन कार्डची आपली रांग लांब आणि त्रासाची आहे हे खरं; पण त्या रांगेत उभं राहताना कामावर जायची मोकळीक आपल्याला असते. समोरच्याला हा फरक चांगलाच कळतो.

तपासा: लोक तुम्हाला नावाने हाक मारतात का? तुमचा प्रकल्प काय आहे हे त्यांतलं कुणी तिसऱ्या माणसाला बरोबर समजावून सांगू शकतं का? दोन्ही उत्तरं 'हो' आली की कॅमेरा बाहेर काढा.

टप्पा ४: परवानगी थरांनी घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'फोटो काढू का?' 'काढा.' एवढ्यावर लोक काम भागवतात. समोरच्याला वाटलेलं असतं, फोटो याच्या फोनमध्ये राहील. तुमच्या डोक्यात प्रदर्शन असतं. म्हणून प्रत्येक थर वेगळा विचारायचा:

१. फोटो काढू का?
२. चेहरा दिसला तर चालेल का?
३. नाव लिहू का? खरं, फक्त पहिलं, की बदललेलं?
४. गाव, गल्ली, कामाची जागा लिहू का?
५. कुठे दाखवू: प्रदर्शनात, छापील अंकात, की इंटरनेटवर?

पाचव्या प्रश्नाला हात घातलात की तिथल्या तिथे फोन काढून दाखवा की नेटवरचा फोटो कुणीही उतरवून घेऊ शकतो, आणि चेहऱ्यावरून माणूस शोधणारी यंत्रणा पोलिसांकडेच काय, खासगी कंपन्यांकडेही आहे. हे ऐकल्यावर काही जण मागे सरतात. सरू द्या. परवानगी खरी आहे की नाही ते त्यातूनच कळतं.

धोका फक्त अमेरिकेतला धरू नका. ओंदुरास किंवा एल साल्वादोरमधून टोळ्यांच्या खंडणीला कंटाळून आलेल्या माणसाची आई, बहीण अजून तिकडेच असते. इकडचा फोटो तिकडे दिसतो. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर त्या माणसाच्या वकिलाशी बोलल्याशिवाय चेहरा दाखवूच नका, त्याने स्वतः होकार दिला तरी.

मुलांसाठी पालकांची परवानगी लागते आणि मुलाचीही. एच-टू-ए मजूर कायदेशीर असतो, पण त्याचा व्हिसा एकाच मालकाला बांधलेला असतो आणि राहायची जागाही मालकाचीच. मालकाविरुद्ध त्याचं एक वाक्य छापलंत तर पुढच्या हंगामाचं बोलावणं येईलच असं नाही. त्याची परवानगी घेताना मुकादम आसपास नको.

सावधान: सही घेतलेला कागद हा नावांची यादी होऊन बसतो. संवेदनशील माणसाकडून सहीऐवजी तोंडी परवानगी घ्या आणि वहीत फक्त सांकेतिक क्रमांकाखाली पाच उत्तरं लिहा.

फोटोसाठी पैसे देऊ नका. त्यांच्याकडचे तामालेस (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) विकत घ्या, छापलेला फोटो भेट द्या. भरपूर झालं.

टप्पा ५: फोटो काढताना

घरातून निघण्याआधी कॅमेऱ्याचं आणि फोनचं लोकेशन बंद करा, फोनमधून क्लाउडवर आपोआप जाणारी नक्कल बंद करा. ३५ मिलिमीटरची एक लेन्स घरांसाठी आणि फुटपाथसाठी पुरते. लांबची टेलिफोटो टाळा. दुरून रोखलेली लेन्स या वस्त्यांमध्ये पाळतीसारखी वाटते. फ्लॅश नको.

चेहरा न दाखवण्याचे फोटो हे वेगळं कौशल्य आहे आणि त्यात सगळेच एका खड्ड्यात पडतात: खिडकीसमोर काळी आकृती. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या कार्यक्रमात साक्षीदाराला असंच दाखवतात. त्यामुळे ज्याने काहीच केलेलं नाही तो माणूसही फोटोत आरोपीसारखा दिसतो. दुसरा खड्डा म्हणजे भेगाळलेले हात. एक फोटो ठीक. वीस फोटोंत हातच हात असले की माणूस हरवतो आणि नुसती मजुरी उरते.

त्यापेक्षा काम कसं चालतं ते बघा. पहाटे तामालेस विकणाऱ्या बाईंचा फोटो घ्यायचा आहे असं धरू. त्या गरमपणा टिकवणाऱ्या पेटीचं झाकण अर्धवटच उघडतात, वाफ निघून जाऊ नये म्हणून. आत टॉवेलखाली पिशव्या वेगवेगळ्या बांधलेल्या: हिरव्या सालसाच्या (चटणीच्या), लाल सालसाच्या, गोड. डावा हात टॉवेलखाली चाचपडतो, नजर समोरच्या बसथांब्याकडे. त्यांच्या खांद्यामागून, त्यांच्या नजरेच्या दिशेने फोटो घेतलात तर चेहरा येत नाही, पण त्यांचं लक्ष, घाई, गिऱ्हाईक ओळखण्याची सवय सगळं येतं. शक्य असेल तर 'चेहरा कसा झाकू या?' हे त्यांनाच विचारा. कुणी टोपी खाली ओढतं, कुणी मक्याचं कणीस तोंडासमोर धरून हसतं. अशा फोटोत लपणंही त्या माणसाच्या मर्जीचं असतं.

दुःखच शोधत बसू नका. पंधराव्या वाढदिवसाची किन्सेअन्येरा, १२ डिसेंबरचा ग्वादालुपेच्या मातेचा उत्सव, १६ ते २४ डिसेंबरच्या पोसादास या नाताळाआधीच्या मिरवणुका, रविवारची मॅच, पैसे गावी पाठवायच्या दुकानातली रांग, हेही त्याच आयुष्यात आहे. ते गाळलंत तर तुमच्या मालिकेत फक्त कायद्याने गांजलेली माणसं उरतील.

टप्पा ६: त्याच रात्री

फाइली एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर उतरवा, दुसरी प्रत वेगळ्या घरी. फाइलच्या नावात माणसाचं नाव किंवा गल्ली नको. वहीतला सांकेतिक क्रमांक टाका. वही आणि डिस्क एका पिशवीत ठेवू नका. कार्ड पूर्ण फॉरमॅट करा. आजचं उद्यावर ढकललं की राहूनच जातं.

टप्पा ७: वादाची दुसरी, तिसरी, चौथी बाजू

स्थलांतराचा वाद दाखवायचा तर नुसत्या मोर्चाच्या फोटोंनी तो दिसत नाही. १ मे २००६च्या मोर्चांपासून आजपर्यंत तेच फलक, त्याच मुठी, तेच झेंडे. मोर्चात गेलातच तर फोनचं चेहऱ्याने उघडणं बंद करा, आणि फोटो कडेने व पाठीमागून घ्या.

वाद खरा घडतो तो कंटाळवाण्या खोल्यांत. शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलिसप्रमुखाचं, खातं इमिग्रेशन खात्याशी सहकार्याचा करार करणार का, यावर काउंटीची सभा भरते तिथे जा. नागरिकांना काही मिनिटं बोलायला मिळतं. माइकसमोर उभी असलेली माणसं आणि त्यांच्यामागच्या खुर्च्यांवरचे चेहरे, दोन्ही घ्या. ही सार्वजनिक सभा असते, तरी मागच्या रांगेत बसलेल्यांचे चेहरे तपासल्याशिवाय वापरू नका.

लॅटिनो सगळे एका बाजूला असतात, ही समजूतही मालिकेत शिरू देऊ नका. सीमा गस्ती दलात जवळजवळ निम्मे जवान लॅटिनो आहेत. टेक्सासच्या स्टार काउंटीत बहुतांश वस्ती मेक्सिकन मुळाची; तिथे २०२४ला ट्रम्प जिंकले, आणि राष्ट्राध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकण्याची ती १८९२नंतरची पहिली वेळ. तिथल्या एखाद्या कुटुंबाशी बोला. कडक कायदा हवा असलेल्या माणसाचा फोटो काढतानाही तोच आदर, तेच पाच प्रश्न. त्याला मुद्दाम खालून, भडक सावलीत टिपून खलनायक बनवणं हा खोटेपणा आहे, आणि तो बघणाऱ्याला लगेच कळतो.

धाडीच्या वेळी समोर असाल तर अंतर ठेवा, अडथळा आणू नका, मागे व्हा म्हटलं की मागे व्हा आणि फोटो काढणं चालू ठेवा. गाड्या, गणवेश, वेळ, जागा टिपा. पकडलेल्या माणसाचा चेहरा थेट प्रक्षेपणात कधीच दाखवू नका. त्याने परवानगी दिलेली नाही. चित्रीकरण आधी कुटुंबाच्या वकिलाला द्या. शाळा, चर्च, दवाखान्यांजवळ कारवाई टाळण्याचे जुने निर्देश जानेवारी २०२५मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे 'चर्चच्या अंगणातला फोटो म्हणजे सुरक्षित' हे गणित आता चालत नाही.

टप्पा ८: कोपरे तपासा

निवडलेला प्रत्येक फोटो पडद्यावर १०० टक्के मोठा करा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने बघत जा. विषय सोडून बाकी सगळं बघायचं.

स्वयंपाकघरातला फोटो घ्या. सगळ्यांचं लक्ष चुलीकडे असतं. माहिती असते फ्रिजच्या दारावर. चुंबकाखाली शाळेचं पत्र, त्यावर मुलाचं पूर्ण नाव. शेजारी दवाखान्याचं कॅलेंडर, त्यातल्या एका तारखेला लाल गोल, कारण त्या दिवशी आइसच्या (इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या खात्याच्या) कार्यालयात हजेरी आहे. खाली विजेचं बिल, पत्त्यासकट. काचेच्या कपाटात समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब. पँटच्या पायाशी जरासा फुगवटा, म्हणजे घोट्यावरचा जीपीएस पट्टा, ज्याला तिथे लोक 'ग्रियेते' म्हणतात. एवढ्यावरून घर सापडतं.

गाड्यांच्या पाट्या, घराचे क्रमांक, टॅटू, कंपनीचे शर्ट, शाळेचे गणवेश, पाण्याच्या टाकीवरचं गावाचं नाव, सगळं याच नजरेने. शक्य असेल तिथे फोटो कापा किंवा दुसरा निवडा. हलका ब्लर पुरत नाही. झाकायचंच असेल तर पूर्ण भरीव झाका आणि फाइल नव्याने एक्स्पोर्ट करा, कारण काही वेळा फाइलच्या आत मूळ फोटोची लहान प्रत तशीच राहते. लोकेशनची नोंद गेली का, हे एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडून बघा.

तपासा: हा फोटो त्या वस्तीतल्या, तुमचा प्रकल्प माहीत नसलेल्या विश्वासू माणसाला दाखवा. त्याने जागा किंवा माणूस ओळखला तर फोटो बाद.

टप्पा ९: फोटोखालच्या ओळी

सुंदर सुरक्षित फोटो काढून लोक ओळींमध्ये घोटाळा करतात. ही ओळ बघा: 'ग्वातेमालाहून २०१९ला वाळवंट ओलांडून आलेले अमुक, दुसऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर तमुक कोंबडी कारखान्यात काम करतात.' एका वाक्यात बेकायदा प्रवेशाची कबुली, वर्ष, वेगळ्याच गंभीर गुन्ह्याची कबुली आणि कामाचा पत्ता. सहानुभूतीने लिहिलेली ही ओळ उद्या सरकारी वकिलाच्या टेबलावर असू शकते.

तीच ओळ अशी लिहा: 'दक्षिणेतल्या एका राज्यातला कोंबडी कारखान्याचा कामगार, रात्रपाळीनंतर. थंड खोलीतल्या कामाने बोटं सुजलेली असल्याने तो कपाच्या कानात बोट न घालता कप दोन्ही तळव्यांत धरतो. ओळख लपवली आहे.' नाव बदललं असेल तर तसं स्पष्ट लिहा. बदललेलं नाव खरं म्हणून छापू नका. माणसाला 'बेकायदेशीर' म्हणू नका, 'कागदपत्रं नसलेला' लिहा. ज्याची अवस्था माहीत नाही त्याच्याबद्दल तेही नको. प्रत्येक तपकिरी माणसाला कागद नसलेला धरणं ही आपल्या लोकांचीही सवय आहे.

टप्पा १०: आधी त्यांना दाखवा

प्रसिद्धीआधी फोटो आणि ओळी एकत्र, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि पाचही प्रश्न पुन्हा विचारा. पहिल्या परवानगीनंतर महिने गेलेले असतात. दरम्यान केस उभी राहिलेली असते, नोकरी बदललेली असते, नवरा पकडला गेलेला असतो. मोठी छापील प्रत द्या, फाइल द्यायची की नाही हे त्यांना विचारा.

फोटो कुठे कुठे दिला त्याची यादी ठेवा: संकेतस्थळ, अंक, प्रदर्शन, स्पर्धा, कुणाला मेल केलेली प्रत. कुणी 'काढून टाका' म्हटलं तर कारण न विचारता त्याच दिवशी आपल्या खात्यांवरून काढा, यादीतल्या प्रत्येकाला लिहा, सर्च इंजिनकडे जुनं पान हटवण्याची विनंती करा आणि काय निघालं, काय निघू शकलं नाही हे त्या माणसाला स्वतः जाऊन सांगा. छापून गेलेला अंक परत आणता येत नाही, हे पाचव्या प्रश्नाच्या वेळीच सांगून ठेवलेलं असलं पाहिजे.